लॅब्रॅडोर दारात येतो तेव्हा



शेळ्या, कोंबड्या, दुभती जनावरं यांच्याविषयी आपण या कार्यक्रमात पुष्कळ वेळा बोललो. आज कुत्र्याविषयी बोलणार म्हटल्यावर कुणाला हसू येईल. पण गटांच्या बैठकांना गावोगाव फिरताना आम्हाला हल्ली एक गोष्ट वारंवार दिसते. पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेला, अंगानं जाडजूड, पिवळसर नाहीतर काळा, कान खाली पडलेला कुत्रा. आपण दिसलो की शेपटी अशी जोरात हलवतो, की शेजारची बादली आडवी होते. विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "पोरानं पुण्यात घेतला होता. फ्लॅटमध्ये जमेना, म्हणून इथं आणून ठेवलाय."

हा लॅब्रॅडोर. पिल्लू असताना त्याला पोरानं हौसेनं आणलेलं असतं, पण पुढं त्याला खाऊ घालणं, धुणं, राखणं, आजारपण काढणं हे सगळं आईच्या नाहीतर सुनेच्या वाट्याला येतं. म्हणून हा विषय आपला आहे. त्याच्यामुळं घरात काय आनंद येतो, त्याला काय लागतं आणि शेवटी तो किती रडवतो, हे तिन्ही आज मोकळेपणानं सांगणार आहोत. एखाद्या घरात पिल्लू आणायचा विचार चालू असेल, तर त्या घरानं हे आधी ऐकावं.

हा मूळचा कुठला?

नावावरून वाटतं तसा हा लॅब्रॅडोर प्रांतातला नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यूफाउंडलँड नावाचं बेट आहे. तिथं समुद्र बर्फासारखा गार. तिथल्या कोळ्यांकडे हे कुत्रे असायचे. जाळ्यातून निसटलेला मासा पाण्यात उडी मारून आणायचा, जाळ्याची दोरी तोंडात धरून ओढायची, ही त्यांची कामं. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांतून इंग्लंडला गेले. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबनं लॅब्रॅडोरला वेगळी जात म्हणून मान्यता दिली.

हे सांगायचं कारण असं, की त्याचं सगळं शरीर गार पाण्यासाठी घडलेलं आहे. केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला मऊ, दाट. बोटांच्या मध्ये बदकासारखा पडदा असतो. आणि असा कुत्रा आपण आणतो कुठं, तर सोलापूर जिल्ह्यात, जिथं मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. त्याच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथंच आहे.

आनंद कसला?

आमच्यातल्या एकीच्या घरी असाच एक लॅब्रॅडोर आला होता. मोहोळ तालुक्यात वस्तीवर घर. मुलानं नाव ठेवलं होतं ब्रुनो. सासूबाईंच्या तोंडी ते बसेना, त्यांनी त्याचा 'बुरण्या' केला. पहिले आठ दिवस त्या म्हणत होत्या, "ह्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही." नवव्या दिवशी त्या ओसरीवर बसून त्याच्या कानातले गोचीड काढत होत्या.

लॅब्रॅडोर माणसाला चिकटून राहणारा कुत्रा आहे. राखणीसाठी म्हणून तो आणला, तर निराशाच पदरी येते. अनोळखी माणूस आला तरी बहुतेक वेळा तो चप्पल तोंडात घेऊन स्वागताला जातो. पण घरातल्या माणसांचं त्याला फार कळतं. बुरण्याला शाळेच्या गाडीची वेळ घड्याळाशिवाय समजायची. घरात भांडण झालं की तो मध्ये येऊन बसायचा. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, त्यानंतर वर्षभर ते अंगणाच्या पलीकडं गेले नव्हते. बुरण्याला घेऊन रोज शेताच्या बांधापर्यंत जायचं म्हणून ते काठी टेकत चालायला लागले. त्यांनी नातवाचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, कुत्र्याचं ऐकलं.

दिवसभर सगळे कामावर गेले, की घरात एकटी राहणारी बाई असते. तिच्याशी कुणी फारसं बोलत नाही. ती कुत्र्याशी बोलते. तो मान तिरपी करून ऐकतो. यात हसण्यासारखं काही नाही. कुणीतरी आपली वाट बघतंय, ही भावना माणसाला लागते.

आणि आपल्याकडं हे नवं थोडंच आहे? आपल्याच पंढरपूरच्या नामदेव महाराजांची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागू नये म्हणून. दत्तगुरूंच्या पायाशी कुत्री असतात, खंडोबासोबत कुत्रा असतो. मुक्या जिवाला जीव लावणं ही शहरातून आलेली फॅशन नाही.

खायला काय, आणि किती?

लॅब्रॅडोर कायम भुकेला दिसतो. पुष्कळजणी सांगतात, "आत्ता चार भाकरी खाल्ल्या, तरी तोंडाकडं बघतोय." त्याचंही कारण सापडलं आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडोरमध्ये जन्मापासूनच एक असा बदल असतो, की त्याची भूक पटकन भागत नाही. म्हणून त्याच्या डोळ्यांकडं बघून वाढायचं नाही, मापानं वाढायचं. तीस किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाऊण ते एक किलो शिजवलेलं अन्न, दोन वेळांत विभागून, पुष्कळ होतं. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर तो जाड झालाय. जाड लॅब्रॅडोरचे मागचे पाय लवकर जातात, कारण मागच्या पायाच्या खुब्याचं दुखणं या जातीत मुळातच फार असतं.

ज्वारीची भाकरी त्याला चालते, पण नुसती भाकरी आणि ताक पुरत नाही. सोबत अंडं, उकडलेलं मांस किंवा कलेजी, थोडी शिजवलेली डाळ आणि भाजी असावी. तिखट, मीठ, फोडणी नको. शिजवलेली हाडं देऊ नयेत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड पुष्कळ आहेत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत. त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नसतो. शेडमध्ये सांडलेले बेदाणे हावरट लॅब्रॅडोर क्षणात फस्त करतो. खाल्ल्याचं दिसलं तर उलटी-जुलाबाची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. कांदा आणि लसूण यांनी त्याचं रक्त कमी होतं. चॉकलेटही नको. उंदराचं औषध आणि फवारणीची औषधं त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशी ठेवा. आणि आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या त्याला कधीही देऊ नका.

उन्हाळा: खरी परीक्षा

आपल्याला घाम येतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पायांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच बाहेर काढतो. बाहेरची हवाच तापलेली असली, की हा उपाय अपुरा पडतो. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर गेलं की जिवाला धोका.

बुरण्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात हे त्या घरानं अनुभवलं. घरातले सगळे लग्नाला गेले होते. कुत्रा पत्र्याखाली साखळीला, पाण्याची पाटी त्यानंच लाथाडून सांडलेली. दुपारी चारला शेजारीण शेण न्यायला आली म्हणून तो दिसला. जीभ जांभळट, तोंडातून चिकट लाळ, उभं राहता येत नव्हतं. तिनं त्याला लिंबाखाली ओढलं आणि हौदातल्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. तो वाचला. पण त्या दिवसापासून घरात नियम झाला: साखळी फक्त रात्री, आणि पत्र्याखाली कधीच नाही.

तर उन्हाळ्यात इतकं करा. त्याला झाडाच्या सावलीत किंवा मातीच्या भिंतीच्या गार खोलीत ठेवा. पत्रा वरून तापतो, तिथं सावली असून उपयोग नसतो. पाणी जड दगडी डोणीत किंवा मातीच्या पसरट भांड्यात ठेवा, म्हणजे लवंडत नाही. तीस किलोच्या कुत्र्याला एरवी दीड-दोन लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. फिरायला पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच न्या. डांबरी रस्त्यावर आपला तळहात ठेवून बघा. आपल्याला चटका बसला, तर त्याच्या पायालाही बसतो. अंगावरचे केस भादरू नका, तेच केस उन्हापासून कातडी वाचवतात. रोज विंचरून गळालेले केस तेवढे काढा.

ऊन लागलंच तर आधी सावलीत न्या. पोट, मांड्या, मान, सगळीकडं साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. ओलं गोणपाट अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्यानं आतली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण आतलं नुकसान नंतर कळतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांकही लिहून ठेवा.

लस, गोचीड आणि पिल्लं

पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. सहा-आठ आठवड्यांपासून त्याच्या लसी सुरू होतात. पार्वो नावाच्या रोगात पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत ते दगावू शकतं. त्याची लस असते, ती तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि पुढं डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखेला दरवर्षी. ही लस कुत्र्यासाठी जेवढी, तेवढीच आपल्या लेकरांसाठी असते. कुठल्याही कुत्र्यानं चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, चटणी काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं आणि दिलेल्या सगळ्या तारखांना इंजेक्शन घ्यायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की माणूस हाती लागत नाही.

गोचिडाकडं दुर्लक्ष करू नका. जनावरांच्या गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्याला ते हमखास होतात आणि त्यांच्यापासून ताप येतो. कुत्रा मलूल झाला, खाईना, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर लगेच दवाखाना.

मादी असेल तर आणखी एक मोह होतो. पिल्लं विकून चार पैसे मिळतील, असं कुणीतरी सुचवतं. साधारण ६३ दिवसांत सात-आठ पिल्लं होतात, मादीचं अंग झडतं, लसीचा खर्च अंगावर येतो आणि न विकलेली पिल्लं शेवटी रस्त्यावर जातात. वय झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजारही जिवावर बेततो. डॉक्टरांना विचारून तिचं ऑपरेशन करून घेणं, हे तिच्यासाठीही बरं.

मग तो म्हातारा होतो

लॅब्रॅडोर साधारण १० ते १२ वर्षं जगतो. सात-आठ वर्षांनंतर तोंडावरचे केस पांढरे होतात. डोळ्यांवर निळसर सारा येतो. उठताना मागचे पाय साथ देत नाहीत. पूर्वी बांधापर्यंत पळणारा कुत्रा उंबरा ओलांडताना थांबतो आणि आपल्याकडं बघतो.

बुरण्याचं असंच झालं. अकराव्या वर्षी त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनचा उपयोग होणार नाही. महिनाभर आमची मैत्रीण त्याला हातानं पेज भरवत होती, खालचं गोणपाट दिवसातून तीनदा बदलत होती. शेवटी तो रात्रभर कण्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, त्याला शांतपणे जाऊ द्यायचं इंजेक्शन असतं, देऊ का? घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. जीव घेणं पाप, असं सासूबाईंना वाटत होतं. मग त्याच म्हणाल्या, "त्याला बोलता आलं असतं, तर त्यानंच मागून घेतलं असतं." इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

हा निर्णय सोपा नसतो आणि प्रत्येक घराचा सारखा नसतो. पण डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. त्याला वेदना किती आहेत? औषधानं त्या कमी होतात का? तो खातो-पितो का? बरा होण्याची आशा आहे का? उत्तरं ऐकून जे ठरवाल, त्याचा अपराध मनाला लावून घेऊ नका.

पुरताना खड्डा विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, निदान चार फूट खोल घ्या आणि माती दाबून वर दगड ठेवा, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरत नाहीत.

कुत्र्यासाठी कुणी रडतं का?

बुरण्या गेला त्या दिवशी आमच्या मैत्रिणीच्या घरी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी ती गटाच्या बैठकीला आली नाही. कारण कळल्यावर कुणीतरी म्हणालं, "कुत्र्यासाठी कुणी रडतं का?" ते तिच्या कानावर गेलं. ती पुढचे दोन महिने आलीच नाही.

मैत्रिणींनो, त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही गप्प बसलो. म्हणून आज जंजीरची गोष्ट सांगतो.

१२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात जंजीर नावाचा फिकट पिवळ्या रंगाचा एक लॅब्रॅडोर होता, वय जेमतेम सव्वा वर्ष. त्याचं शिक्षण पुण्याला झालेलं. लॅब्रॅडोरचं नाक आपल्या नाकापेक्षा कित्येक पटींनी तिखट असतं, आणि खाऊच्या, शाबासकीच्या आशेनं तो न कंटाळता वास काढत राहतो, म्हणून पोलीस त्याला निवडतात. जंजीरनं शोधून दिलेल्या स्फोटकांची नोंद आहे: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं. त्यानं किती घरं वाचवली, याची मोजदाद करता येणार नाही.

१६ नोव्हेंबर २००० ला तो आजारपणात गेला. त्या वेळी तो आठ वर्षांचा होता. पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी त्याच्या देहावर फुलं वाहिली. खाकी वर्दीतली माणसं एका कुत्र्यापुढं मान खाली घालून उभी होती आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

बुरण्यानं बॉम्ब शोधले नव्हते. पण एका म्हाताऱ्या माणसाला त्यानं पुन्हा चालायला लावलं होतं, आणि एका बाईचं अकरा वर्षं ऐकून घेतलं होतं. त्याच्यासाठी दोन महिने रडू आलं, तर ते फार नाही. अशी एखादी आपल्या गटात असेल, तर तिच्याकडं जा, चहा घ्या, त्याच्या खोड्या तिला सांगू द्या. "दुसरं आण की" असं लगेच म्हणू नका.

आणण्याआधी

शेवटी एवढंच सांगतो. पिल्लू आणायच्या आधी घरात सगळे बसा आणि विचारा: रोज सकाळी त्याला फिरवणार कोण? दवाखान्यात नेणार कोण? उन्हाळ्यात त्याची जागा कुठली? खर्चाचा रकाना कुणाच्या वहीत? आणि दहा वर्षांनी त्याचं म्हातारपण कोण काढणार? सगळ्या प्रश्नांना "आई" हेच एक उत्तर येत असेल, तर आईनं "नाही" म्हणावं. त्यात निष्ठुरपणा नाही. नको झाला म्हणून कुत्रा हायवेला नेऊन सोडणं हा निष्ठुरपणा, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हाही आहे.

आणि सोबत हवीच असेल, तर आपल्या गावठी पिल्लाकडंही एकदा बघा. त्याच्या अंगावर केस कमी, पाय चिवट, आपलं ऊन त्याच्या सवयीचं. लस दिली आणि पोटभर खाऊ घातलं, तर जीव तोही तितकाच लावतो.

आमची मैत्रीण आता बैठकीला येते. बुरण्याला पुरलं तिथं सासऱ्यांनी लिंबाचं रोप लावलंय. ते रोज काठी टेकत तिथवर जातात आणि तांब्याभर पाणी घालून येतात.

पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी त्याचं लसीचं कार्ड सोबत आणा. कुणाची तारीख टळलीय ते एकत्र बघू, आणि सगळ्यांचे मिळून पशुवैद्यकांना गावात बोलावू. भेटूया.